स्टॉल घ्यावा, की नुसतं हिंडून यावं?

या महिन्यात औद्योगिक प्रदर्शनांवर आलेली तीन पत्रं निवडली आहेत. तिन्ही आपल्या बडोद्याचीच. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण तो प्रश्न मला नोकरीत असल्यापासून लोक विचारत आले आहेत.

प्रश्न : ताई, मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगला (वीज आत-बाहेर नेणारी चिनी मातीची नळी) लागणारे पितळी भाग, म्हणजे स्टेम (आट्यांचा दांडा), नट, वॉशर, पाम कनेक्टर, आम्ही करतो. बाबांनी सुरू केला, आता मी बघतो. सगळा धंदा जवळजवळ दोन पार्ट्यांवर आहे आणि त्यातल्या एकीने हल्ली जामनगरहून माल मागवायला सुरुवात केली आहे. इलेक्रामा या विद्युत उपकरणांच्या प्रदर्शनात ९ चौरस मीटरचा स्टॉल घ्यावा असं माझ्या मनात आहे. बाबा म्हणतात, "चार दिवस टाय लावून उभं राहायला एवढे पैसे? त्यात एक सेकंडहँड सीएनसी मशीन येईल." काय करावं?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : या खेपेला स्टॉल घेऊ नका. प्रेक्षक म्हणून जा, आणि बाबांनाही बरोबर न्या.

मी विक्रीवाली नव्हे. माझी सगळी नोकरी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेली. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात खरेदी आणि व्हेंडर डेव्हलपमेंट, म्हणजे तुमच्यासारख्यांचे भाव पाडणं आणि माल परत पाठवणं, हे माझं काम. त्यामुळे प्रदर्शनात मी कायम हिंडणाऱ्यांत असायचे. तुमच्या स्टॉलसमोरून जो माणूस न थांबता पुढे जातो, तो का जातो, ते मी सांगू शकते.

आधी बघा, इलेक्रामात कोण कुठे उभं असतं. हे आयमाचं, म्हणजे विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांच्या संघटनेचं, प्रदर्शन. १९९० पासून भरतं. २०२३ आणि २०२५ साली ते ग्रेटर नोएडाच्या इंडिया एक्स्पो मार्टमध्ये झालं. ट्रान्सफॉर्मर कंपन्या तिथे मोठाले स्टॉल थाटतात, कारण त्यांचे ग्राहक, वीज मंडळं, ठेकेदार, परदेशी पाहुणे, तिथे येतात. तुमचा ग्राहक मात्र ती ट्रान्सफॉर्मर कंपनीच. म्हणजे तुम्हाला ज्यांना भेटायचं आहे, ते पाचही दिवस आपापल्या स्टॉलला खिळलेले असणार. ९ चौरस मीटरचा खण घेतलात तर तुम्हीही तुमच्या जागी खिळलेले. मग भेट कोणाची कोणाशी?

खरेदीवाले हिंडायला अजिबात बाहेर पडत नाहीत असं नाही. मीच पडायचे. पण हातात एखादी दुपार असायची. त्यात गाभ्याला लागणारे सीआरजीओ पोलादी पत्रे, इन्सुलेशन, टॅपचेंजर, तेल, रेडिएटर ही मोठ्या पैशाची खरेदी आधी. पितळी भागांच्या गल्लीत मी पोचायचे तेव्हा पाय बोलायला लागलेले असत, आणि तिथे एका रांगेत सगळे सारखेच माल मांडून बसलेले, त्यांत निम्मे जामनगरचे. काचेच्या कपाटात चकचकीत पितळ, वर पिवळा दिवा. कोण चांगला आणि कोण बरा, हे काचेबाहेरून ओळखायला मला तरी कधी जमलं नाही.

आता हिशेब. भाडं दर वर्षी बदलतं, म्हणून मी समजुतीचा आकडा घेते. समजा, ९ चौरस मीटरच्या तयार खणाला दीड लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, तो क्रेडिटमध्ये मिळेल, पण अर्जात तुमचा जीएसटी क्रमांक बिनचूक असेल तरच. भाड्यात काय मिळतं? तीन बाजूंना पांढऱ्या भिंती, वर नावाची पाटी, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे, एक प्लग. जास्तीची वीज, कपाट, उंच स्टूल, सगळ्याचे पैसे वेगळे. दोन बाजूंनी उघडी कोपऱ्याची जागा हवी तर तिचा दर चढा. मग तिघांचं जाणं-येणं, सहा रात्रींचं हॉटेल, छपाई, फ्लेक्स, नमुने नेणं-आणणं. आणि मालक व सुपरवायझर आठवडाभर कारखान्यात नाहीत, याची किंमत कुठल्याच बिलात दिसत नाही, तरी ती पडतेच. माझा ठोकताळा असा, की एकूण खर्च भाड्याच्या तिप्पट धरायचा. म्हणजे साडेचार लाख.

हे साडेचार लाख विक्रीतून नाही, नफ्यातून भरायचे आहेत. पितळ आणि बाकीचा खर्च वजा जाता तुमच्या हातात शंभराला दहा रुपये उरत असतील, तर ४५ लाखांचा जादा माल विकावा लागेल. महिन्याला दोन लाखांचा माल उचलणारी एक नवी पार्टी दोन वर्षं टिकली, की ४८ लाख होतात. थोडक्यात, एक पक्की नवी पार्टी मिळाली की स्टॉल वसूल. ऐकायला सोपं वाटतं. पण मग स्वतःला विचारा, ती एक पार्टी स्टॉलवाचून मिळणारच नाही का? मकरपुरा, सावली, वाघोडिया, करजण, एवढ्या टापूत ट्रान्सफॉर्मरवाले किती आहेत! त्यांतल्या कितींच्या खरेदीवाल्याला तुम्ही तोंडाने ओळखता? बडोद्याचा माणूस नोएडाला जाऊन बडोद्याच्याच माणसाला कार्ड देतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोघांचे कारखाने एकाच रस्त्यावर.

बाबांच्या सीएनसीचं काय, याचं उत्तर तुमच्या मशिनांच्या वेळापत्रकात आहे. आहे ते मशीन एक पाळी रिकामं उभं असेल तर दुसरं घेऊन काय करणार? ऑर्डर शोधायला बाहेर पडायला हवं. पण आताच माल द्यायला दोन-दोन आठवडे उशीर होत असेल, तर बाबांचं ऐका आणि प्रदर्शनाचं नाव काढू नका. प्रदर्शनात हौसेने चौकशी घेतली आणि पुढे नमुनाच पाठवला नाही, अशा पुरवठादाराचं नाव मी वहीत लाल शाईने लिहून ठेवायचे. ते नाव पुढे वर्षानुवर्षं लालच राहायचं. आणि मशीनच घ्यायचं ठरलं तर डिसेंबरात गांधीनगरला हेलिपॅड मैदानावर एन्जिमॅक हे यंत्रांचं प्रदर्शन भरतं, तिथे जाऊन चालू मशिनं बघा. जुनं घेणार असलात तरी नव्याची किंमत माहीत असली की दलालाशी बोलताना तोंड उघडता येतं.

आता प्रेक्षक म्हणून जाऊन करायचं काय? पहिले दोन दिवस कोणालाही काही विकू नका. ट्रान्सफॉर्मरवाल्यांनी एवढा खर्च स्वतःच्या ग्राहकांसाठी केलेला असतो. त्यांच्या स्टॉलवर वीज मंडळाचे साहेब बसलेले असताना तुम्ही पितळी नट पुढे केलात, तर हाकलून देतील, आणि ते बरोबरच आहे. त्या दोन दिवसांत फक्त नोंदी घ्या. कोण नवा कारखाना टाकतो आहे, कोण मोठ्या रेटिंगमध्ये शिरतो आहे, कोणाच्या मांडलेल्या ट्रान्सफॉर्मरवर बुशिंगचे भाग कोणाचे आहेत. बाबा इथे उपयोगी पडतात. ते दुरून बघून सांगतील, हा स्टेम कोणाच्या मशीनवरचा. शेवटच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरते, आयोजकांनी मनाई केलेली असली तरी खोकी बांधायच्या सेलोटेपचा आवाज सुरू होतो, आणि स्टॉलवरची माणसं बोलायला मोकळी होतात. तेव्हा जायचं आणि एकच विचारायचं : "खरेदीत हे कोण बघतं?" नाव आणि नंबर मिळाला की नमस्कार करून निघायचं.

पुढच्या वेळी स्टॉल घ्यावासा वाटला तर? घ्या, पण आधी दोन गोष्टी हातात हव्यात. तुमच्या कोटेशनवर ज्यांनी अजून हो-नाही केलेलं नाही, अशांची यादी, आणि त्यांतल्या निदान आठ-दहा जणांनी "स्टॉलवर येतो" असं फोनवर कबूल केलेलं. स्टॉलचा खरा उपयोग हाच आहे. अनोळखी माणूस समोरून जाताना थांबून पहिल्याच भेटीत ऑर्डर देतो, असं होत नाही. पण सहा महिने कोटेशन दाबून बसलेला माणूस तुम्हाला समोर बघतो, माल हातात घेतो आणि तिथेच म्हणतो, "नमुना पाठवा." मी स्वतः असं म्हटलेलं आहे.

माल हातात घेतो, हे मी उगीच म्हणत नाही. चांगला खरेदीवाला काय करतो, सांगते. स्टेम उचलतो, नट लावतो आणि दोन बोटांनी गरागरा फिरवत शेवटपर्यंत नेतो. मध्ये कुठे अडकला तर काही न बोलता खाली ठेवतो. हलत, खुळखुळत गेला तरी खाली ठेवतो. नट एका लयीत गेला, तर तो स्टेम उलटा करून तोंडाकडचा भाग बघतो, बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, काढली आहे का, टिनचा थर कडेला सुटलेला आहे का. मगच तुमच्याकडे बघतो. तेव्हा माल काचेत कोंडू नका, टेबलावर मोकळा मांडा. २५० अँपियरपासून ३१५० पर्यंत एकेक जोडणी, आणि एक बुशिंग उभी कापून आत भाग कसे बसतात ते दाखवणारी. हाताच्या घामाने पितळ दुसऱ्याच दिवशी काळवंडतं, तेव्हा नमुन्यांचा दुसरा संच खोक्यात आणि सुती फडकं हाताशी असू द्या. आपल्याकडे लोक याचा विचार करत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी टेबलावर भंगार मांडल्यासारखं दिसतं.

गुळगुळीत रंगीत कॅटलॉग छापू नका. हॉलच्या दाराशीच कचऱ्याचे डबे त्यांनी भरलेले असतात. एका पानावर मापांचा तक्ता द्या. आयएस ३३४७ या बुशिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे कोणता भाग, कोणतं माप, किती वजन, आणि मागे मालाच्या रासायनिक तपासणीचा दाखला. तो कागद इंजिनीयर घडी घालून खिशात ठेवतो. एर्डा ही विद्युत उपकरणांची चाचणी करणारी संस्था तुमच्या मकरपुऱ्यातच आहे, चाचणीचे कागद मिळवायला तुम्हाला गाव सोडावं लागत नाही. जामनगरवाल्यांपेक्षा तुम्ही इथे एक पाऊल पुढे आहात, हे स्टॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

भावाच्या बाबतीतही जामनगरशी दोन हात करता येतील, पण स्वस्त होऊन नाही. खरेदीवाल्याची खरी डोकेदुखी अशी, की पितळेचा भाव हलला की पुरवठादार फोन उचलत नाही. आयमा ट्रान्सफॉर्मरसाठी दर महिन्याला कच्च्या मालाच्या दरांचे आकडे काढते, ट्रान्सफॉर्मरवाले त्यावरच आपल्या ग्राहकाशी भावफरकाचं सूत्र ठरवतात. तुम्हीही पितळेच्या दराला बांधलेलं साधं सूत्र कोटेशनमध्ये घाला : पितळ इतकं चढलं तर आमचा भाव इतका चढेल, उतरलं तर इतका उतरेल. शेवटचे चार शब्द महत्त्वाचे. उतरण्याची गोष्ट स्वतःहून लिहिणारा लहान पुरवठादार मला क्वचितच भेटला, आणि भेटला तो टिकला.

स्टॉलवर कोण उभं राहील? तुम्ही आणि तुमचा सुपरवायझर. पेढ्यांचं ताट धरायला भाड्याने मुलगी आणू नका, तिला कोणी २००० अँपियरचा पाम विचारला तर ती बिचारी काय सांगणार? खुर्च्या मागे सरकवून ठेवा, बसून मोबाइल बघणाऱ्या मालकासमोर मी कधी थांबले नाही. येणाऱ्यांत निम्मे तुम्हालाच काहीतरी विकायला आलेले असतात, वेबसाइटवाले, कर्जवाले, पुढच्या प्रदर्शनाचे स्टॉल विकणारे. त्यांना गोड बोलून लवकर वाटेला लावा. पॉलिटेक्निकची पोरं पिशव्या गोळा करत येतील, त्यांना पाच मिनिटं द्या. आपल्याकडे १८९० साली कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय निघालं ते अशाच पोरांसाठी. शिवाय तुम्हाला पुढे माणसं लागणारच आहेत.

कार्ड हातात आलं की माणूस वळायच्या आत मागे लिहायचं : कोणतं रेटिंग, महिन्याला किती, सध्या कोणाकडून, तक्रार काय. चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. "सध्याच्या मालात काय त्रास होतो?" असं विचारलं की लोक भडाभडा बोलतात. परत आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी फोन करू नका. प्रदर्शनावरून परतलेल्या खरेदीवाल्याच्या टेबलावर आठवड्याचं काम साचलेलं असतं. तीन-चार दिवस जाऊ द्या, मग फोन, आणि दहा दिवसांत दाखल्यासह नमुना कुरियरने. आमच्याकडे जे आत शिरले ते असे शिरले.

आणि फळ महिन्याभरात मोजू नका. नमुना, तपासणी, कारखान्याची भेट, चाचणीपुरता लहान लॉट, मग मंजुरी, यात सहा महिने सहज जातात, वर्षही जातं. वहीत स्टॉलच्या नावाने एक पान ठेवा. कोटेशन किती गेली, नमुने किती मागितले, मंजुरी किती ठिकाणी मिळाली, माल किती रुपयांचा गेला. दीड वर्षाने ते पान बाबांसमोर ठेवा. आलेल्या कार्डांची संख्या त्यात लिहूच नका, ती फक्त जेवताना सांगायला बरी.

सरकारी मदतीचं थोडक्यात : उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना देशातल्या प्रदर्शनातल्या जागेच्या भाड्याचा काही भाग केंद्राच्या योजनेतून परत मिळू शकतो, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना जास्त. पैसे आधी तुमच्या खिशातून जातात, परतावा नंतर. स्टॉल बुक करण्याआधी अहमदाबादच्या एमएसएमई कार्यालयात विचारून घ्या, बुक केल्यावर नाही. आणि नमुने राज्याबाहेर नेताना डिलिव्हरी चलन करा, किंमत ५० हजारांवर गेली तर ई-वे बिलही. विकायला नेत नाही म्हणून कागद लागत नाही, असं ट्रकवाला सांगेल. वाटेत तपासणी झाली तर तो नाही, तुम्ही अडकाल.

प्रश्न : आम्ही वाघोडियात स्टीलच्या टाक्या आणि ॲजिटेटर (टाकीतला माल ढवळणारी यंत्रं) करतो, माल औषध आणि रसायन कारखान्यांना जातो. जर्मनीतल्या आकेमात निर्यात परिषदेच्या दालनातून भाग घेता येईल असं कळलं. जावं का?
— एक उद्योजिका, वाघोडिया रोड

उत्तर : तुमच्याबाबतीत जागा बरोबर आहे. फ्रँकफर्टचं आकेमा रसायन आणि औषध कारखान्यांच्या सामग्रीचं प्रदर्शन आहे, तिथे हिंडणारे तुमचेच ग्राहक. ते दर तीन वर्षांनी भरतं. २०२४ साली झालं, पुढचं २०२७ मध्ये, म्हणजे तयारीला वेळ आहे. तो कागदांवर घालवा. दाबाखाली चालणारी टाकी युरोपात विकायची तर सीई खूण आणि दाब-उपकरणांच्या युरोपीय नियमांची पूर्तता विचारतात, आणि पहिल्या पाच मिनिटांत विचारतात. "करून देऊ" हे उत्तर तिथे चालत नाही. नमुना म्हणून लहान ॲजिटेटर नेणार आणि परत आणणार असाल तर एटीए कार्ने हा कागद काढा. आपल्याकडे तो फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते, त्यामुळे तिथली आयात जकात भरावी लागत नाही. दालनात जागा लहान मिळते, पण पहिल्या खेपेला पुरते. हा कागदपत्रांचा खर्च झेपणार नसेल, तर मुंबईच्या केमटेक प्रदर्शनात आधी उभ्या राहून बघा.

प्रश्न : दोन-तीन वर्षांपूर्वी व्हीसीसीआयच्या, म्हणजे बडोद्याच्या व्यापार-उद्योग मंडळाच्या, प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. तेव्हाच्या कार्डांचा गठ्ठा ड्रॉवरमध्ये तसाच पडला आहे. आता फोन केला तर हसतील का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : हसले तरी काय बिघडलं? गावातलीच कार्डं आहेत, फोनऐवजी स्कूटरवर जाता येईल. आधी गठ्ठ्याचे दोन भाग करा, ज्यांना तुमचा माल लागतो ते आणि बाकीचे. बाकीचे टाकून द्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी नोकरी बदललेली असेल. ते आता कुठे आहेत ते शोधा, कारण खरेदीवाला कंपनी बदलतो तेव्हा ओळखीचे पुरवठादार बरोबर घेऊन जातो, आणि तुमचा दरवाजा एकाऐवजी दोन ठिकाणी उघडतो. भेटल्यावर "तेव्हा राहून गेलं" अशी प्रस्तावना लांबवू नका. त्यांना सध्या काय लागतं ते विचारा, आणि जाताना बॅगेत एक नमुना ठेवा.